आतून लागणारी कडी

सुतारकामातून मी निवृत्त झालो असं आमच्या घरचे सगळ्यांना सांगतात. मला कुणी विचारलं नव्हतं. गुडघ्यांनी संप पुकारला, मुलानं दुकानात प्लायवूड आणि ॲल्युमिनियमचं काम वाढवलं आणि एक दिवस माझी हत्यारांची पेटी पलंगाखाली गेली. एवढीच काय ती निवृत्ती. तरी जुन्नरच्या बाजारात भाजी घेताना अजून कुणी ना कुणी अडवतोच, "मिस्तरी, आमची एक खोली बघून जा की." मी जातो. बघायला गुडघे फारसे लागत नाहीत.

माझं काम जरा आडवाटेचं. नवं घर मी क्वचितच बांधलं. उभ्या घरातली एखादी खोली बदलायची, आजच्या माणसाला तिथं सुखानं राहता आलं पाहिजे, आणि तरीही ती त्या घराचीच वाटली पाहिजे, हे मी जन्मभर करत आलो. यात कठीण काय, असं वाटेल. पण अंगावर नऊवारी आणि डोक्यावर हेल्मेट अशी कितीतरी घरं मी बघितली आहेत. बाहेरून दगडी जोतं, कोरीव चौकट, आणि आत पाऊल टाकलं की निळे दिवे लावलेलं प्लास्टरचं छत. राहणारा म्हणतो, "कसं वाटलं?" मी म्हणतो, "थंडगार आहे." खोटं बोलायचं नाही आणि गिऱ्हाईकही दुखवायचं नाही, हे या धंद्यातलं अर्धं कसब.

आमच्या भागात घरांचे ढोबळ दोन प्रकार. पूर्वेला, आंबेगाव तालुक्यात निरगुडसरच्या बाजूला, पाऊस बेताचा. तिथली जुनी घरं दगडी भिंतींची आणि आत लाकडी खांबांची. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात आणि घर खणांवर मोजतात. त्या घरात काहीही करायचं तर ते खणात बसलं पाहिजे. पश्चिमेला सह्याद्रीच्या अंगाला पाऊस चार महिने हटत नाही. तिथं उतरतं कौलारू छप्पर, वळचण इतकी खाली की पाहुणा आपोआप वाकूनच आत येतो, आणि भिंती कारवीच्या. कारवी म्हणजे डोंगरात उगवणारं झुडूप. त्याच्या सरळ काठ्या उभ्या बांधून वर माती-शेणाचा गिलावा दिला की झाला कूड. पहिल्या घराला वजनाची भाषा कळते, दुसऱ्याला वाऱ्याची आणि धुराची. हे समजून घ्यायला मी आधी घरात नुसता बसतो. एकदा घोडेगावकडच्या एका आजोबांनी शेवटी न राहवून विचारलं, "मिस्तरी, च्या झाला, पान झालं, आता माप घ्यायला मुहूर्त बघायचा का?"

निरगुडसरच्या एका बागायतदारानं आधी डबल बेड घेतला आणि मग मला बोलावलं. बेड खणात मावेना. मधला खांब नेमका पलंगाच्या पोटात येत होता. "खांब कापा," तो म्हणाला, जणू काही वाढलेलं नखच आहे. मी म्हटलं, "कापतो की. वरचा मजला तेवढा तुम्ही धरून ठेवा." शेवटी बेड परत गेला आणि खणाच्या दोन खांबांनाच धरून मी पलंग बसवला. नंतर तो पाहुण्यांना आवर्जून दाखवायचा आणि कल्पना स्वतःची असल्याचं सांगायचा. माझी काही हरकत नव्हती.

येडगावला धरणाच्या कडेला एकानं बंगला बांधला होता, सगळा सिमेंटचा. कुठल्याशा रिसॉर्टमध्ये राहून आल्यावर त्याला दिवाणखान्यात जुन्या वाड्यासारखे सागवानी खांब हवेसे झाले. "पण राव, मधी नको. टीव्ही दिसला पायजे." मी खांब भिंतीकडे सरकवून उभे केले, तेलपाणी केलं, झकास दिसले. मग त्याचे वडील रानातून आले. त्यांनी खांबावर थाप मारली, मान वर करून बघितलं आणि मला विचारलं, "ह्याच्यावर काय हाय?" मी म्हटलं, "काही नाही." "मंग ह्यो उभा कशाला ऱ्हायलाय?" मुलगा टीव्हीचा आवाज वाढवून बसला. 

अशा गमती पुष्कळ. पण मला लिहायचंय ते डोंगरातल्या एका खोलीबद्दल. ती काही माझी सगळ्यात देखणी खोली नाही. तिच्यात ना कोरीवकाम, ना पॉलिश. पण कुणी विचारलं की तुझं काम काय होतं, तर मला आधी तीच आठवते.

जुन्नरच्या पश्चिमेला, रस्ता संपल्यावर अजून थोडं चालून गेलं की एक छोटी वाडी लागते. खाली भाताची खाचरं, वर हिरड्याची झाडं. तिथला दत्तू माझ्याकडे आला. पिकअप गाडी चालवायचा, भाजीपाला नारायणगावच्या मार्केटला पोचवायचा. पोरगा सरळ, पण बायको आणि आई यांच्यामध्ये सापडलेला. दुकानात आला तो बसेचना. "काका, आगोटीच्या आत, पाऊस लागायच्या आदी, खोली झाली पायजे. न्हाईतर आमाला जुन्नरात भाड्यानं ऱ्हावं लागंल, आन मंग आई-बाबा तिकडं एकटं."

त्याची बायको सुनीता खालच्या गावातल्या उपकेंद्रात नर्स होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती. घर म्हणजे एकच मोठी जागा. एका अंगाला चूल, एका अंगाला धान्याच्या कणग्या, पडवीत गुरं आणि तिथंच सासऱ्यांची बाज. नवराबायकोला एक कोपरा, त्याला आडोसा दोरीवर टाकलेल्या लुगड्याचा. डोंगरातल्या घरात आत भिंती असल्याच तर त्या छपरापर्यंत जात नाहीत. चुलीचा धूर घरभर आढ्याखालून फिरतो आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडतो. त्या धुरानंच वासे टिकतात, भात वाळतं, किडा-मुंगी दूर राहते. पण जिथून धूर जातो तिथून आवाजही जातो. सासऱ्यांनी पडवीत कूस बदलली तरी आत कळायचं. मग आतलं बाहेर किती कळत असेल, ते सांगायला नको.

आदल्या वर्षी दत्तूनं शहरातून एक गवंडी आणून कोपऱ्यात पक्क्या विटांची खोली घातली होती. विटा थेट कौलांना भिडवल्या, आतून पत्र्याचं छत. पावसाळा लागला आणि धुराची वाटच बंद झाली. सगळा धूर चुलीपाशी कोंडायला लागला. सासूचे, ठकाबाईंचे, डोळे सुजले. आणि त्या बंद खोलीला घरातली ऊब मिळेना, म्हणून तिथं कपड्यांना बुरशी. सुनीताच्या पांढऱ्या कोटावर काळे ठिपके पडले. दिवाळीपर्यंत त्या खोलीत कांदे जाऊन पडले आणि नवराबायको पुन्हा लुगड्याआड आली.

मी गेलो तेव्हा ठकाबाईंनी चहाबरोबर हेच पुढं ठेवलं. बाई काटक, बोलायला फटकळ. "बगा मिस्तरी, घरालाच खोली नको हाय. आमी न्हाई का नांदलो हितं? चार लेकरं झाली मला ह्याच घरात."

"कशी झाली ते तुमालाच ठावं, आत्या," सुनीता भाकरी थापता थापता म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची. ठकाबाई हसू दाबायला चुलीत फुंकर घालायला लागल्या. दोघींचं भांडण होतं, पण वैर नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं आणि मी काम घ्यायचं ठरवलं.

निघताना सुनीता वाटेपर्यंत आली. म्हणाली, "काका, मला सोफा-बिफा, रंग-बिंग काय नको. आतून कडी लागंल आसं दार पायजे. डिलिव्हरीची केस आसली का मी रातभर जागी आसते. सकाळी येऊन आडवी पडले का कुनी बी आत येतंय, गोळी मागतंय. कापडं बदलायची तर गोठ्यात जाते मी. गुरांम्होरं." हे तिनं रडत सांगितलं नाही, तक्रारीच्या सुरातही नाही. दवाखान्यात पेशंटची माहिती सांगावी तसं सांगितलं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी घरात बसलो. दत्तूचे वडील, कोंडिबा, समोर सुतळी वळत बसले होते. मी वर बघतोय हे पाहून तेही वर बघायचे, आणि काही दिसलं नाही की पुन्हा सुतळी. खोली तर बंद हवी, पण धूर वरून वाहता राहिला पाहिजे. म्हणजे खोलीला स्वतःचं बुटकं छत पाहिजे, घराच्या छपराला हात न लावता. तोवर ठकाबाईंनी नवी अडचण काढली. "त्यो कोपरा खोलीला गेला तर माज्या कणग्या कुठं ठिवू? त्या वट्यावर ठिवल्या का उंदरांचीच दिवाळी व्हईल."

माझं कोडं तिथंच सुटलं. कणग्या म्हणजे भात साठवायच्या बांबूच्या उंच टोपल्या. त्या खोलीच्या डोक्यावरच ठेवायच्या! खोलीवर फळ्यांचा मजबूत माळा घालायचा, त्यावर माती-शेणाचा थर, आणि त्यावर भातानं भरलेल्या कणग्या. धूर त्यांच्या अंगावरून जाईल, भात कोरडं राहील, आणि खालचा आवाज वर जायचा तर एवढं भात ओलांडून जावं लागेल. मी ठकाबाईंना म्हटलं, "कल्पना तुमचीच आहे." त्या म्हणाल्या, "मी कुठं काय म्हनले?" पण माळ्याला किती रुंद फळी लागते ते त्यांनीच वीत टाकून सांगितलं.

विटा काढल्या, पण सगळ्या नाही. खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत ठेवल्या, ओल आणि उंदरांसाठी. त्याच्या वर कारवीचा दुहेरी कूड घातला आणि मधे भाताचा पेंढा ठासला. कारवी एका मोडलेल्या गोठ्याची मिळाली. गिलाव्याला ठकाबाईंनी मला हात लावू दिला नाही. त्या आणि सुनीता दोघींनी मिळून भिंत सारवली. एकमेकींच्या हातावर टीका करत सारवली, पण अशी गुळगुळीत की माझा रंधाही लाजावा. खिडकी मी मुद्दाम खाली घेतली. वळचण खाली असलेल्या घरात उंच खिडकीतून फक्त कौलंच दिसतात. जमिनीवर किंवा बाजेवर बसलं की डोळ्यांच्या रेषेत खाचरं दिसायची. दत्तू म्हणाला, "काका, ही तर पोराटोरांच्या उंचीची झाली." त्याची बायको खिडकीपाशी बसून बाहेर बघत होती. 

चौकट बसली. दाराची फळी बसली. मी पेटीतून कडी काढली आणि ठकाबाई पदर खोचून पुढं आल्या.

"दार घातलं ते घातलं. कडी न्हाई घालायची."

मला वाटलं गंमत करतायत. पण चेहरा तसा नव्हता. "आमच्या घरांत कडी भायेरच्या दाराला. आत न्हाई. ज्या घरात आतून कडी पडली तिथं दुसरी चूल मांडली समजायचं. माज्या जावंच्या घरी तेच झालं. आधी कडी, मंग तवा येगळा, मंग गुरं वाटली. आता दिवाळीला बी येत न्हाईत येकमेकांकडं." बोलता बोलता त्यांचा आवाज खाली आला. त्यांना भीती वाटत होती, राग नव्हता.

सुनीता म्हणाली, "आत्या, कडी नसंल तर ते दार न्हाई. नुसती फळी हाय."

"मंग फळीच आसू दे."

दत्तूनं मध्यस्थी केली. नसती केली तर बरं झालं असतं. म्हणाला, "असं करू, कडी भायेरून लावू. दोगींचं बी ऱ्हाईल."

"भायेरून?" सुनीता म्हणाली. "मी आत काय शेळी हाय का?"

कोंडिबा सुतळीवरून मान वर न करता हसले. दत्तू गाडीचं चाक तपासायला निघून गेला. मी कडी पेटीत परत ठेवली. माझ्या इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांचे वाद पुष्कळ ऐकले, आणि त्यात मत देणारा मिस्त्री कामाला मुकतो. पण खरं सांगायचं तर या वेळी मला दोघींचं पटत होतं, आणि त्याचाच त्रास होत होता. खिडकीची झडप, माळ्याची शिडी अशी उरलेली कामं मी जरा रेंगाळतच करत राहिलो. सुनीता काही बोलायची नाही, पण एकदा दत्तूला फोनवर जुन्नरच्या खोलीबद्दल विचारताना ऐकली. पावसाचे ढग डोंगरावर यायला लागले होते.

मग एका सकाळी ती ड्यूटीवरून आली. रात्रभर बाळंतपणाची अवघड केस होती. चपला काढता काढताच भिंतीला टेकली. ठकाबाईंनी तिला गूळ-पाणी दिलं. ती आत गेली, दार लोटून घेतलं. मी बाहेर शिडीची पायरी तासत होतो, तर ठकाबाईंनी मला खूण केली, आवाज नको म्हणून. मी तासणी खाली ठेवली.

थोड्या वेळानं वाडीतलाच एक गडी तरातरा आला. वाकून आत शिरला, "नर्सबाई हायत का? पाय मुरगाळलाय," असं म्हणत उत्तराची वाट न बघता सरळ दार ढकललं. आतून सुनीताचा दचकल्याचा आवाज आला. ती धडपडत उठली. कोट काढून ठेवलेला, साडी अर्धवट. तिनं घाईनं चादर ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं. "थांबा... जरा थांबा की," एवढंच तिला म्हणता आलं. त्या बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. आजवर तो असाच येत आला होता. तोही शरमला.

ठकाबाई चुलीपासून उठल्या. हातात फुंकणी होती तशीच. "भायेर हो!" एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की पडवीतली गाय उभी राहिली. तो लंगडत अंगणात गेला. ठकाबाईंनी स्वतः दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.  मी खाली बघत होतो. मग त्या म्हणाल्या, "मिस्तरी, ती कडी आना."

सुनीताची झोप मोडलीच होती. ती उठून, तोंड धुऊन, आधी त्या गड्याचा पाय बांधायला अंगणात गेली. तेवढ्या वेळात मी कडी बसवली. साधी लोखंडी, बाजारात कुठंही मिळते तशी. दोन वेळा सरकवून बघितली. म्हटलं, "झालं ठकाबाई."

"लागती का बगू दे," म्हणत त्या आत गेल्या. दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला.

मला वाटलं, आता उघडेल. उघडली नाही. सुनीता अंगणातून आली. मी दाराकडे बोट केलं.  दोघंही उभे राहिलो. आतून काही आवाज येत नव्हता. माझा पेंढा आणि भात चांगलं काम करत होते, एवढंच मी मनात म्हटलं. चुलीवर दुधाला उकळी आली तेव्हा सुनीतानं जाऊन भांडं उतरवलं. पडवीतून कोंडिबांनी विचारलं, "कुठं गेली ही? च्या कोन करनार?"  शेवटी म्हाताऱ्यानं स्वतःच उठून चुलीवर आधण ठेवलं. ते त्यांना जमतं हे त्यांच्या सुनेलाही माहीत नव्हतं.

पुष्कळ वेळानं कडी निघाली. ठकाबाई दारात आल्या. डोळे लाल होते, पण तो धूर नव्हता. केस नीट विंचरलेले. आमच्याकडे न बघता त्यांनी चौकटीवरून हात फिरवला.

"आत बसले व्हते," त्या म्हणाल्या. "खिडकीपाशी. कुनी आलं न्हाई."

सुनीता म्हणाली, "मंग, आत्या?"

"मंग काय. उभ्या जल्मात मी कदी कडी लावून बसले न्हाई. म्हायारी न्हाई, हितं न्हाई. बाळंत झाले तवा बी दार उगडंच."  मग त्यांनी सुनेला विचारलं, पण असं, की जणू दुसऱ्याच्या घरात काही मागतायत, "तुजी ड्यूटी आसंल तवा मी बसत जाईन वाईच. चालंल का?"

सुनीतानं होकाराची मान हलवली.  मी हत्यारं गोळा करायला लागलो. मागं कोंडिबा चहाचा पेला घेऊन उभे होते आणि तो कुणाला द्यावा ते त्यांना समजत नव्हतं. ठकाबाईंनी तो घेतला, पुन्हा आत गेल्या आणि कडी लावली.